पडद्यावरची हेमांगी

"उठा," असं दोघींना सांगितल्यावर पडद्यावरच्या हेमांगीला खुर्चीतून उठताच आलं नाही. खोलीतली हेमांगी काठी टेकत उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"औषध लागू पडलं," डॉक्टर शिरवळकर म्हणाल्या. "आज चाचणी संपली."

औषध म्हणजे कोलेस्टेरॉलची जुनीच गोळी. हेमांगीचे सासरे ती वर्षानुवर्षं घ्यायचे. मल्टिपल स्क्लेरोसिस या हेमांगीला झालेल्या मज्जातंतूंच्या आजारात हळूहळू येणारं अपंगत्व त्या गोळीनं लांबणीवर पडतं का, हे बघायचं होतं. हल्ली अशा चाचणीत कुणालाच खोटी गोळी देत नाहीत. प्रत्येक रुग्णाच्या मेंदूच्या स्कॅनवरून संगणक त्याची प्रतिकृती घडवतो आणि औषधावाचून राहते ती प्रतिकृती.

चार वर्षांपूर्वी दोघी सारख्याच चालायच्या. हेमांगी तेव्हा तिला थट्टेनं सवत म्हणायची. पडद्यावरचा पाय पहिल्यांदा अडखळला, त्या दिवसापासून मात्र ताई म्हणू लागली.

"आता हिला बंद करते," म्हणत डॉक्टरांनी माउसकडे हात नेला.

"थांबा. आधी तिलाही गोळी सुरू करा."

"अहो, ती नुसती आकडेमोड आहे. शिवाय गेलेलं बळ या गोळीनं परत येत नाही."

"माहीत आहे मला. माझ्या वाट्याचं सगळं तिनं भोगलं. हात अजून चालतायत तिचे, तेवढे तरी राहू देत."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून गोळीचं नाव टाइप केलं.

"रात्री, जेवण झाल्यावर," हेमांगीनं बजावलं.