हबी म्हंजे काय?

"घरधनी कोण? पुढं या," स्वामी म्हणाले, आणि महेशकुमारनं शर्टाची कॉलर सारखी करून दोन्ही हात पुढं केले.

शिवलीलानं बसवण्णांची तसबीर छातीशी घट्ट धरली. ही तसबीर घेऊन नव्या घरात जो पहिलं पाऊल टाकणार, तोच आजपासून अख्ख्या भालकी गावाच्या लेखी घरधनी. घर उभं केलं होतं तिनं. शाळेत इंग्रजी शिकवून, गवंड्यांशी भांडून, सासऱ्यांची पथ्यं सांभाळून. नवरा, महेशकुमार, सहा वर्षं पुण्यात होता. फोन नाही, निरोप नाही. भिंतींना रंग लागल्याची खबर मात्र त्याला बरोबर लागली आणि स्वारी आज सकाळच्या गाडीनं हजर! तीही हात हलवत.

"वैनी, हबीला द्या की तसबीर!" नणंद शैलश्री ओरडली. "व्हिडिओ काढायलेय मी."

"हबी म्हंजे काय गं शिवलीला?" सासरे अमृतप्पांनी खुर्चीतून विचारलं.

शाळेतली पोरं दरवर्षी हाच प्रश्न विचारून खिदळायची. तिला उत्तर शोधावं लागलं नाही.

"हजबंडचं लाडाचं रूप हाय, मामा. अन् हजबंड लई जुना शब्द. त्याच्यातलं 'हज' म्हंजे हाऊस, घर. जो घर करून राहतो, तो. आपल्यात म्हणतेत ना, नांदतो तो."

"मग मीच की!" महेशकुमार हसला. मांडवातले लोकही हसले.

शिवलीलाला हसू आलं नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा का टिकला नाही, हे गावानं सहा वर्षं तिलाच विचारलं होतं. तिनंही मुकाट ऐकून घेतलं होतं. आता बास.

"तुमी हितं कवा नांदलात?" तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

महेशकुमारचा चेहरा उतरला. "लोक बघायलेत," तो दातओठ खात पुटपुटला.

"बघू द्या."

तिनं उजवा पाय उचलला आणि उंबरा ओलांडला. स्वामींनी बसवण्णांचं वचन म्हणायला सुरुवात केली. अमृतप्पांनी हात जोडले. शिवलीलानं तसबीर देव्हाऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि पुन्हा दारात आली. महेशकुमार अजून पायरीवरच उभा होता.

ती बाजूला सरली आणि त्याला म्हणाली, "या पाव्हणं. जेवूनच जावा."