हात बांधलेला कार्ल

तारोडीच्या बेनेडिक्टला खूनखराब्याचे सिनेमे सोसत नसत. तरी दुपारच्या खेळाला तो बायकोबरोबर, ॲग्नेसबरोबर, मीरा रोडला आला, कारण त्यात कार्ल होता. बापाची होडी सोडून नट व्हायला गेलेल्या या मुलाशी त्याने बोलणं टाकलं होतं, पण त्याचा एकही सिनेमा चुकवला नव्हता. पडद्यावर अंधार आणि एकामागून एक मुडदे. बेनेडिक्ट खुर्चीत सारखा चुळबुळत होता. "आपला कवा येणार?" त्याने पुन्हा विचारलं. "येल, गप बस," ॲग्नेस म्हणाली. अखेर कार्ल आला. गुंडांनी त्याला मारलं, हात मागे बांधले आणि खाडीत ढकललं. पाण्यावर बुडबुडे आले, मग तेही थांबले. बेनेडिक्ट ताडकन उठला. "हात सोडा त्याचे! त्याला पवता येतं!" तो ओरडला. सगळं थिएटर हसलं. तो ॲग्नेसचा फोन घेऊन तडक बाहेर गेला आणि त्याने कार्लचा नंबर लावला. "बोल मम्मी," कार्ल म्हणाला. "मी हाय," बेनेडिक्ट म्हणाला. "हात खरंच बांधलेले काय रं?" "बांधलेले, पप्पा. पण गाठ आपली होडीची होती, मीच त्यांना शिकवली. झटका दिला की सुटते." पॉपकॉर्नच्या काउंटरला टेकून बेनेडिक्ट हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. "रविवारी घरी ये," तो म्हणाला, "मला तुझी मनगटं बघायचीत."