दहावा शनिवार

चोवीस वर्षांचा कोहेई तीन वर्षं खोलीबाहेर आला नव्हता. गेमचा नवा कन्सोल निघाला आणि तो आपणहून बूट घालून उभा राहिला. जपानमधल्या ताकामात्सु शहरातल्या एका दुकानात तो माल इतका कमी यायचा, की दर शनिवारी चिठ्ठ्या काढून विकायचे. आई मित्सुए त्याच्यासोबत रांगेत थांबायची. नऊ शनिवार रिकाम्या हातानं गेले.

“कंपनीवाले मुद्दाम माल दाबून ठेवतात गं आई. आपण तरसावं म्हणून!” तो करवादायचा. मग दोघं कोपऱ्यावर गरम उदोन नूडल्स खायचे आणि तो पुढच्या शनिवारचे बेत करायचा.

दहाव्या शनिवारी दुकानदार ओनिशींनी मित्सुएला हळूच आत बोलावलं. “ताई, बघवत नाही आता. एक खोकं तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. पोराला हाक मारा.”

मित्सुएनं काचेतून पाहिलं. रांगेत कोहेई पुढच्या म्हाताऱ्याशी बोलता बोलता खळखळून हसत होता. ती ओनिशींपुढे कमरेत वाकली.

 

“पाया पडते, नका देऊ. मिळालं की तो परत घराबाहेर पडायचा नाही हो.”