देवळावरची चढाई

हे लिहिणारच नव्हतो, कारण आमचे सेनापती अजून धडधाकट आहेत. अथेना देवीच्या नव्या देवळावर गेल्या साली हरलेली लढाई कोरायचं काम त्यांनी शिल्पकार युफ्रोनला दिलं. म्हणाले, "मी सगळ्यांच्या पुढे हवा. आणि शत्रू नको, देवळावर त्यांची थोबाडं कशाला?"

युफ्रोनने जे घडलं तेच दगडावर कोळशाने आखलं. सगळे धावताहेत, सेनापती सर्वांत पुढे. पाठलाग करणारा शत्रूच नाही म्हटल्यावर ते पळणं झकास चढाई दिसायला लागलं. सेनापती खूश!

मग कुबडी टेकत थ्रासोन आला. युफ्रोनचा मित्र, त्या दिवशी शत्रूसमोर हा एकटाच उभा राहिला होता. चित्र बघून तो हादरला. "अरे गाढवा, सगळे तिकडे आणि मीच तेवढा उलट्या तोंडाचा! माझी नातवंडं मलाच पळपुटा म्हणतील!"

युफ्रोनने कोळसा उचलला. "अथेनाची शपथ, थ्रासोन, आत्ता तुलाही सगळ्यांबरोबर पळवतो."