पहिल्याच गिऱ्हाइकाला पाय

चटईवर पालथ्या पडलेल्या घैसासकाकू ताडकन उठून बसल्या. "पाठीवर पाय देतेस? वयानं मोठी आहे मी!"

शाल्मलीच्या आईचं तोंड एवढंसं झालं. तिच्या नव्या थाई मसाज केंद्रातलं हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि तेच चिडून उठून बसलं!

शाल्मलीचं डोकंच फिरलं. "काकू, कपडे अंगावरच राहतात, तेल नसतं, हातापायांनी दाबतात, हे मी दारातच सांगितलं होतं. 'कळतं गं मला' म्हणालात ना? सहा महिने राबून शिकलीय माझी आई!"

"गप्प बस," आई म्हणाली. "चूक माझी. सुरुवातीला नमस्कार करायचा असतो, घाबरून विसरले." तिनं काकूंच्या पावलांपाशी हात जोडले.

काकू पुन्हा पालथ्या पडल्या. "दे आता पाय. पण आधी या भांडकुदळीला बाहेर काढ."