बिनशिशाची चकती

राख सावडायला बायका येत नाहीत, पण मालनबाई हट्टाने आल्या होत्या. शिंपडलेल्या दुधाखाली राख अजून कोमट होती. अस्थी वेचताना चकती त्यांनाच सापडली. नखाएवढी, पांढरी, कुठेही न तडकलेली.

कर्करोगाने त्यांच्या यजमानांचा, अण्णांचा आवाज गेला, तेव्हा मुलाने, मंदारने, ती त्यांच्या गळ्यात बसवून घेतली होती. गळा हलला की चकती बोलायची, आणि वर्षानुवर्षं बोलून माणसाची लकब तिच्यात मुरायची. शेजारच्या काकूंची चकती जुनी, शिशाची. शिशाचा धूर विषारी, म्हणून अग्नी देण्याआधी ती काढूनच घ्यावी लागली. आता ती त्यांच्या सुनेने देव्हाऱ्यात वाटीवर ठेवलीय. टिचकी मारली की काकू विचारतात, "कडी लावलीस ना गं?"

अण्णांचीही काढायची का, हे हॉस्पिटलात विचारलं होतं.

"बिनशिशाची आहे, गरज नाही," मंदार म्हणाला होता. "पुन्हा गळा कापायला नको. अख्खे जाऊ देत अण्णा."

मालनबाईंनी चकती पदराने पुसली, टिचकी मारून कानाशी धरली. पुन्हा मारली.

मंदार या चकत्यांच्याच कारखान्यात कामाला होता. आगीत चकती फुटत नाही, पण तिच्यात मुरलेलं सगळं कायमचं पुसलं जातं, हे त्याला ठाऊक होतं. हॉस्पिटलात त्या घटकेला सुचलं मात्र नव्हतं.

"आई..."

"तापलीय रे अजून," त्या म्हणाल्या, आणि बशीतल्या चहावर घालावी तशी त्यांनी हळूच फुंकर घातली. "निवू दे. मग बोलतील."