दुपारची बेल

स्टुलावर चढलेल्या वायरमनने बेलच्या डबीचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि म्हणाला, "काका, हिला काहीच झालेलं नाही. हिचं तोंड बांधलंय कुणीतरी."

खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या नानांना ते काही पटलं नाही. त्यांच्या मते बेल म्हातारी झाली होती, एवढंच. पाच-सहा वर्षांपासून तिचा घसा बसला होता. बटण दाबलं की टिंग-टाँगऐवजी आत नुसतं ठक-ठक व्हायचं, तेही डबीला कान लावला तर. पार्सलवाले परत जायचे, शेजारी सरळ दारावर थापा मारायचे. शेवटी मुलीने कंटाळून हे नवं यंत्र पाठवून दिलं. तारा जुन्याच, आतली डबीही जुनीच, फक्त बाहेर कॅमेऱ्याचं बटण, आणि कुणी आलं की नानांचा फोनसुद्धा वाजणार. नानांनी आधी नाक मुरडलं, मग बसवा एकदाचं, म्हणून मोकळे झाले.

वायरमनने पकडीने ओढून काढलं ते कापड होतं. करड्या लोकरीची घडी, आतल्या वाजणाऱ्या दोन्ही पट्ट्यांवर बरोबर बसेल अशी बेतून कापलेली, आणि वरून पांढरी चिकटपट्टी. सलाइनची सुई हलू नये म्हणून हातावर लावतात, तसली.

नानांनी ती घडी हातात घेतली. लोकर बाबांच्या जुन्या मफलरची होती. चिकटपट्टी बाबांच्याच औषधांच्या डब्यातली. आणि कडा आत दुमडून घडी घालायची ही पद्धत खुद्द नानांची.

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा बेल वाजली की ते दचकून जागे व्हायचे. म्हणून नाना याच स्टुलावर चढले होते. फोनही बंद करून ठेवला होता. मग बाबा गेले. घर माणसांनी भरलं, दार दिवसभर उघडंच राहिलं, बेलची कुणाला गरजच पडली नाही, आणि डबीतलं कापड नाना साफ विसरून गेले.

विसरतो माणूस. पण नानांना आता ताई आठवली, आणि त्यांनी स्टूल जास्तच घट्ट धरलं.

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी आपण येऊन गेलो, असं ताई म्हणाली होती. पुन्हा पुन्हा बेल दाबली, कुणी उघडलं नाही. बाबांचा डोळा लागला असेल म्हणून दार ठोठावलं नाही, जिन्यात थोडा वेळ बसून परत गेलो. नानांनी तिला भर माणसांत खोटं पाडलं होतं. आपली बेल वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते, मी बाबांच्या उशाशी टक्क जागा होतो, आणि मला ऐकू येऊ नये? यायचं नव्हतं तर तसं सांग, असंही वर म्हणाले होते. ताईने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या. तेव्हापासून बोलाचाली बंद. ताईचं घर बसने जेमतेम चार स्टॉप. पण नानांचा हट्ट मोडेन पण वाकणार नाही असला, आणि ताईचा हट्ट तर नानांच्या हट्टापेक्षा दोन वर्षांनी मोठा.

वायरमनने खाली उतरून बाहेरचं बटण दाबलं. टिंग-टाँग. खणखणीत, जिनाभर. वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने ती घडी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आपल्या मोबाइलवरून ताईला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. तिच्याकडे तो नंबर अजून आहे, हे नानांना आजच कळलं.

"ताई, मी बोलतोय."

ताईने फोन ठेवला नाही.

"तू वाजवली होतीस, ताई. बेलमध्ये मीच कापड कोंबलं होतं. बाबांची झोप मोडू नये म्हणून. आणि तुला खोटारडी ठरवलं. चुकलो मी."

मग ताई म्हणाली, "नान्या, एक सांग. मी आले तेव्हा ते झोपले होते?"

"हो. गाढ. घरी आणल्यापासून पहिल्यांदाच."

"मग बरं झालं, ठोठावलं नाही ते."

नानांचे डोळे भरून आले. येशील का, असं त्यांनी विचारलं, पण ते त्यांचं त्यांनाही नीट ऐकू आलं नाही. बघते, म्हणाली, आणि फोन ठेवला.

वायरमनला या कशाचं सोयरसुतक नव्हतं. तो उंबऱ्याशी बसून नानांच्या फोनवर नवी बेल जोडत होता. चित्र नीट दिसतंय का, आवाज किती ठेवू, असं एकेक विचारत होता. नाना नुसती मान हलवत होते.

"आता शेवटचं," तो म्हणाला. "दुपारी झोपेच्या वेळेला बेल बंद ठेवायची सोय आहे. बहुतेक सगळे ठेवतात. ठेवू?"

नानांनी मफलरचा तुकडा खिशात घातला.

"नको," ते म्हणाले. "दुपारी ताई येते."